कमी वादळांचं वर्ष

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की बेंगळुरूला भजी आठवतात. आमच्या शहराला समुद्र नाही. तो पूर्वेला, रस्त्याने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे, आणि आम्ही त्याच्यापासून चांगले उंचावर, कोरडे बसलेलो आहोत. तिकडे तो खवळला की इकडे आकाश राखाडी होतं, दोन दिवस भुरभुर लागते, कपाटातले स्वेटर निघतात, आणि ऑटोवाल्यापासून आमच्या मुख्याध्यापकांपर्यंत सगळे एकमेकांना हसतमुखाने सांगतात, "सायक्लोन आहे ना!" लांबचा पाहुणा खाऊ घेऊन यावा तसं.

परवा स्टाफरूममध्ये आमची नवी कॉम्प्युटरची टीचर, पुण्याची पोरगी, कोरमंगलात पीजीत राहते, खिडकीशी उभी राहून म्हणाली, "मॅम, कसलं मस्त क्लायमेट आहे ना! वीकएंडपर्यंत असंच राहायला पाहिजे."

"कुणाच्या छपरावर?" मी म्हटलं.

तिला वाटलं मी गंमत केली. ती हसली. तिचा दोष नाही. मीही पन्नाशी गाठेपर्यंत अशीच खिडकीशी उभी राहून कॉफी प्यायलेली आहे. मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. परतीचा मान्सून पूर्व किनाऱ्याला पाऊस देतो, असं मुलांनी लिहिलं की पूर्ण गुण देते. घेऊन काय जातो, हे पुस्तकात विचारलेलं नाही.

ही हवा पडली की मला एकच मोसम आठवतो. तो मोसम सौम्य होता. हे मी म्हणत नाही, माझा भाऊ म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. सगळं दुखणं तिथेच आहे.

आम्ही इथले जुने. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेमागून आलो आणि चिकपेटेत राहिलो. मराठी घरात बोलतो, ती ऐकून पुण्याची माणसं ओठ दाबून हसतात. मोठी अक्का, मधला अण्णा आणि शेंडेफळ मी, अक्काची 'पुट्टी', म्हणजे छोटी, अशी आम्ही तीन भावंडं. अण्णा हुशार. तो कोरमंगलातल्या एका खाजगी कंपनीत हवामानाचं काम करतो. उपसागर तापलाय किती, वारे कसे, असं सगळं संगणकात घालून यंदाच्या हंगामात वादळं किती येतील याचा अंदाज ही कंपनी पावसाळा संपायच्या आत काढते. बंदरवाले, कोळंबीच्या तळ्यांचे मालक, गोदामवाले, विमेवाले असे लोक तो विकत घेतात. घरच्यांना तो फुकट मिळतो. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास फॅमिली ग्रुपवर एक रंगीत नकाशा येतो, खाली एक ओळ असते: सरासरीइतकी, सरासरीपेक्षा जास्त, सरासरीपेक्षा कमी. आम्ही अंगठे दाखवतो. आमच्यापैकी ज्या एका माणसाला त्याच्याशी काही देणंघेणं होतं ती अक्का, आणि तिने कधी अंगठा दाखवला नाही.

अक्का नेल्लूरच्या पलीकडे, समुद्राजवळच्या एका गावात राहते. भावोजी, म्हणजे तिचे यजमान, आमच्यातलेच, इथलेच, पण नोकरी मिठागराच्या कचेरीत लागली म्हणून तिकडे गेले आणि त्या खाऱ्या वाऱ्याच्या प्रेमातच पडले. निवृत्त झाल्यावरही परतले नाहीत. मंगलोरी कौलांचं घर बांधलं, पुढे नारळ लावले. मूलबाळ नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी जायची तेव्हा संध्याकाळी ते मला मिठाचे ढीग दाखवायला न्यायचे, जसं कुणी आपली बाग दाखवतं. हळू आवाजाचा, कमी बोलणारा माणूस. अक्का दोघांच्या वाटचं बोलायची.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत गेले होते, तेव्हा त्या दोघांची वादळाची तयारी पाहिली. नारळाच्या जड झावळ्या आणि वरची फळं आधीच उतरवलेली असत, नाहीतर तीच तोफगोळ्यासारखी घरावर येतात. डब्यात अवलक्की, म्हणजे पोहे, आणि पुटाणे, दुसऱ्या डब्यात काडेपेट्या. हे सगळं हंगामाच्या सुरुवातीला. पण मुख्य काम इशारा आल्यावरच करायचं. कोळ्यांकडून आणलेलं मासेमारीचं जुनं जाळं कौलांवर पसरायचं आणि कडेने दोरांनी खाली खुंट्यांना ताणून बांधायचं. आधीच टाकून ठेवता येत नाही. जाळ्याखाली पाला कुजतो, उंदीर होतात, कौलं हलतात. म्हणून तो एकच दिवस मिळतो, वाऱ्याच्या आधीचा. भावोजी वर चढत, अक्का खाली शिडी धरून उभी राही आणि एका हाताने दोर सोडत राही. "डावीकडे स्वल्प ओढा! अय्यो, तितकं नको!" असा तिचा आरडाओरडा, आणि वरून भावोजींचं एकच उत्तर, "आयतु." झालं म्हणे. मी ओट्यावर बसून हसत होते. त्या दिवशी सगळं गाव असंच आपापल्या छपरावर चढलेलं होतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

अक्काचा म्हणून एक नियम होता. कार्तिकात ती घर सोडत नसे. लग्न असो, बारसं असो, "मार्गशीर्षात येते" म्हणायची. आम्ही तिची चेष्टा करायचो, की भावोजींना एकटं सोडलं तर ते मीठभात खाऊन राहतील.

त्या वर्षी उन्हाळ्यात अण्णाच्या मुलाचं लग्न झालं. आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ घातल्याशिवाय ते लग्न देवीच्या खाती पोचत नाही. इथे गोंधळी उरले नाहीत. सोलापूरकडून बोलवावे लागतात, आणि त्यांच्या तारखा मिळणं हे हल्ली डॉक्टरच्या अपॉइंटमेंटपेक्षा अवघड. मिळाली ती कार्तिकातली. आणि आमच्या घराची रीत अशी की गोंधळात दिवटी धरायची ती घरच्या थोरल्या लेकीने. सून चालत नाही, धाकटी चालत नाही. पूर्वी आत्याने धरली, तिच्याआधी तिच्या आत्याने. आता अक्का.

अक्का अण्णाला म्हणाली, "कार्तिकात नको रे, रघू. पुढच्या वर्षी घाल ना."

अण्णाने तिला फोनवर समजावलं. मी समोर बसले होते. तो आपल्या मुलाखतीच्या आवाजात बोलत होता. "अक्का, यंदा सीझन कमी आहे. सरासरीपेक्षा कमी. मी स्वतः काढलाय अंदाज. सुम्ने का घाबरतेस?"

सुम्ने, म्हणजे उगीच. घरात हवामानशास्त्रज्ञ असल्याचा अभिमान आम्हा सगळ्यांना होता. इतर घरं पंचांग बघून तारीख धरतात, आम्ही देवीच्या गोंधळाची तारीख उपसागराचं तापमान बघून धरली. वहिनी तर पाहुण्यांना सांगत सुटली होती, "आमचे हे म्हणालेत, काही काळजी नाही."

अक्का आली. पुरणाला, फुलोऱ्याला हात हवेत म्हणून चार दिवस आधीच आली. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी अंदमानच्या बाजूला कुठेतरी हवा फिरायला लागली.

मला ते दिवस आठवतात ते वासांनी. तळणीचा वास, कापराचा वास, आणि दारातून येणारा ओल्या, गार हवेचा वास, जो सगळ्यांना फार आवडत होता. अक्का करंज्या मुरडता मुरडता टीव्हीकडे बघायची. सरकारी बातमीत वादळ किनाऱ्याकडे वळलं, मग त्याला नाव दिलं गेलं. कुठल्याशा देशाने सुचवलेलं सुंदरसं नाव होतं. ते मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात ते कुणी उच्चारत नाही.

"मी जाते," अक्का म्हणाली. "सकाळच्या बसने जाते."

"अक्का, ते वर सरकणार आहे, ओडिशाकडे," अण्णा म्हणाला. "आणि उद्या गोंधळ आहे. माणसं सोलापूरहून निघालीत. दिवटी कोण धरणार? गोंधळ झाला की मी स्वतः तुला गाडीने पोचवतो."

तिने भावोजींना फोन केला. ते हळूच काहीतरी म्हणाले. नंतर तिने सांगितलं, ते म्हणाले, देवीचं काम आहे, अर्धवट सोडू नकोस. शेजारच्या मुलाला बोलवून मी जाळं टाकतो.

तो मुलगा आला नाही. कसा येणार? त्याला स्वतःचं छप्पर होतं.

गोंधळ चिकपेटेतल्या आमच्या समाजाच्या हॉलमध्ये झाला. खाली कापडाची घाऊक दुकानं, वरच्या मजल्यावर हॉल. संबळ वाजायला लागलं आणि खालच्या दुकानातली पोरं जिन्यात येऊन मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागली. अक्का हिरव्या साडीत, हातात पेटती दिवटी धरून उभी होती. तेल ओघळत होतं. दुसऱ्या हाताने ती कमरेला खोचलेला फोन मधूनमधून चाचपत होती. गोंधळ्याने घराण्याचं नाव घेतलं, सगळ्या देवदेवतांना या म्हणून हाका मारल्या, आणि वहिनीने माझ्या कानात म्हटलं, "किती छान दिसतात ना अक्का." खरंच छान दिसत होती. तो फोटो अजून अण्णाच्या हॉलमध्ये लावलेला आहे. मी त्या घरी गेले की त्याच्याकडे पाठ करून बसते.

फोन आला तेव्हा पंगत बसली होती. शेजारच्या घरातल्या बाईंचा. भावोजींनी एकट्याने शिडी लावली होती. एक बाजू ओढून बांधली. दुसऱ्या बाजूला गेले तेव्हा वारा सुरू झाला होता, शिडी सरकली. खाली ओट्याची कड होती. ते बराच वेळ शुद्धीवर होते म्हणे. दवाखान्यात न्यायला गाडी निघेना. झाडं पडायला लागली होती.

अण्णा आला नाही. येऊ शकला नाही, असं म्हणायची आमच्या घरी पद्धत आहे. वादळ वर सरकलंच नाही; त्या दिवसात त्याला बंदरवाल्यांचे आणि गोदामवाल्यांचे फोन होते, आणि त्यांना काय सांगायचं ते फक्त तोच जाणे. मी आणि अक्का गेलो. होसकोटेपर्यंत पाऊस नुसता भुरभुरत होता, लोक टपरीवर चहा पीत होते. कारखान्यांच्या पट्ट्यात कंटेनरचे ट्रक रांगेने थांबवलेले. कॅबवाल्याने खिडकी खाली करून एकाला विचारलं, तर तो म्हणाला पुढे रस्ता बंद, मुक्काम करा. अक्का म्हणाली, "चला." ती बाई, जी दोघांच्या वाटचं बोलायची, ती पूर्ण रस्ताभर गप्प होती. हाताला दिवटीच्या तेलाचा वास येत होता. ट्रकांच्या रांगेत गाडी अडकून होती तेवढ्या वेळात ती पदराने हात पुसत राहिली.

पोचलो तेव्हा वादळ जमिनीवर चढून विरून गेलं होतं. ऊन पडलं होतं, घाणेरडं स्वच्छ ऊन. घराची जी बाजू भावोजींनी बांधली होती तिच्यावरचं एक कौल हललं नव्हतं. जाळं ताठ, गाठी जशाच्या तशा. दुसरी बाजू उघडी, वासेसुद्धा नव्हते. त्यांना शेजाऱ्यांच्या पडवीत ठेवलं होतं. अक्काने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेर येऊन छपराकडे पाहिलं, आणि पुन्हा आत गेली. मला रडू आवरेना आणि तिला येईना.

दिवस झाले तेव्हा सगळं गणगोत आलं. येणारी प्रत्येक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवून तेच म्हणायची. देवीनेच तुला बोलवून घेतलं. देवीनेच तुला वाचवलं. तिथे असतीस तर तूही गेली असतीस. मी एकीला म्हटलं, "ती तिथे असती तर शिडी धरून असती." वहिनीने मला डोळ्यांनी गप्प केलं. दुःखात असलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणे. दुःखात असलेल्या माणसाने मात्र ते दुसरं सगळं ऐकून घ्यायचं.

महिनाभरात अक्का परत गेली. आम्ही सगळ्यांनी थांब म्हटलं. तिने घराची ती बाजू पुन्हा बांधून घेतली. मी विचारलं, का जातेस, काय आहे आता तिथे? ती म्हणाली, "तिथे निदान कुणी देवीने वाचवलं म्हणत नाही, पुट्टी."

संक्रांतीच्या सुमारास फॅमिली ग्रुपवर अण्णाचा फोटो आला. गळ्यात शाल, हातात काचेची ढाल. खाली वहिनीने लिहिलं होतं, यांचा हंगामाचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, कंपनीत कौतुक झालं. खरंच खरा ठरला होता. त्या वर्षी उपसागरात वादळं कमी झाली, किनाऱ्याला लागलेलं तर ते एकच. टाळ्या, फुलं, अंगठे यांनी ग्रुप भरून गेला. ग्रुपमध्ये अक्काही होती.

मी त्याच दिवशी त्याच्या ऑफिसात गेले. खाली कॅफे होतं, तिथे तो मला घेऊन बसला. आजूबाजूला पंचविशीची पोरं मऊ पिशव्यांसारख्या खुर्च्यांत रुतून लॅपटॉप बडवत होती. मी मनात जुळवून आणलेलं सगळं एका दमात बोलले. तो ऐकत राहिला. माझा भाऊ वाईट नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण तो म्हणाला,

"मी कधी म्हटलं त्यांच्या गावात येणार नाही म्हणून? हंगामाचा अंदाज सबंध उपसागराचा असतो. कुणाच्या घराचा नसतो. मी चूक काय सांगितलं, तू सांग."

मी सांगू शकले नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. तो चुकला असता तर किती बरं झालं असतं. चुकलेल्या माणसावर ओरडता येतं, तो हात जोडतो, कधीतरी आपण माफही करतो. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं? त्याचा अंदाज विकत घेणाऱ्यांना वादळं किती हे कळायला हवं असतं, कारण त्यांची गोदामं सगळ्या किनाऱ्यावर पसरलेली असतात. कमी-जास्त त्यांचं जुळून येतं. अक्काचं घर एक होतं आणि त्यात माणूस एक. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. फोनवर बहिणीशी बोलताना तो गोदामवाल्यांशी बोलतो तसा बोलला, आणि आम्ही सगळे अभिमानाने ऐकत बसलो. मला राग येतो तो याचा. त्याचा कॉफीचा कप तसाच राहिला. माझाही.

मग वर्षं गेली, जशी जातात. ज्याचा गोंधळ घातला तो अण्णाचा मुलगा बाप झाला. नकाशे येत राहिले. आम्ही भावंडं पुन्हा एकमेकांकडे जेवायला लागलो, कारण न जेवून करणार काय? राग माझा काही गेला नाही. तो फक्त पाहुण्यांसमोर येत नाही.

यंदा आयुधपूजेला अण्णाकडे जेवण होतं. खाली गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून, चाकाखाली लिंबं ठेवून झाली होती. वर अण्णाने आपल्या लॅपटॉपला हळदकुंकू लावलं होतं, वर एक शेवंतीचं फूल. ताटं वाढली होती. कुणीतरी यंदाच्या अंदाजाची गोष्ट काढली. अण्णाचा चेहरा उतरला. यंदाचा रंग लाल होता. सरासरीपेक्षा जास्त.

त्याने जेवायच्या आधीच अक्काला फोन लावला, सगळ्यांना बोलता यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. याला आठवतंय, असं वाटलं.

"अक्का, यंदा जोर आहे. जास्त येतील. तू इकडेच ये, मार्गशीर्षापर्यंत राहा."

"घर कुणाच्या जिवावर टाकून येऊ?" पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. "किती म्हणतोस यंदा?"

त्याने आकडा सांगितला. कमीतकमी इतकी, जास्तीतजास्त इतकी.

"बरं," अक्का म्हणाली. "वादळं किती येणार ते कळलं. आता तुमच्यातलं कोण येणार ते सांग."

"कुठे?"

"इथे. कार्तिक संपेपर्यंत माझ्यासोबत राहायला. एकटीने होत नाही आता."

अण्णाने मुलाकडे पाहिलं. मुलाने बायकोकडे, बायकोने मांडीवरच्या बाळाकडे. "अक्का, कुणाला तरी कामाला ठेवू या ना," वहिनी म्हणाली.

"त्या दिवशी कुणी मिळत नाही ग. जो तो आपल्या छपरावर असतो."

सहामाहीचे पेपर माझ्याकडे तपासायला आले होते. माझा डावा गुडघा या हवेत दुखतो, खरंच दुखतो. मी ताटातल्या लिंबाच्या फोडीकडे बघत होते. कुणीतरी काहीतरी बोलेल याची आम्ही सगळेच वाट बघत होतो. फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत राहिला, आणि त्यामागे, सावकाश, समुद्राचा.

"सरी, असू दे," अक्का म्हणाली. "जेवा तुम्ही."

आणि आम्ही जेवलो.